‘वाहतूकमुक्त’ हा शब्द आम्ही काढून टाकला आहे

नमस्कार सर,

जानेवारीतल्या रविवारी तुम्ही आणि तुमचे तीन मित्र ठाण्याहून आमच्या गोदाकाठच्या सायकल फेरीला आलात. घरी गेल्यावर दोन तारे देऊन तुम्ही जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. उत्तराला आठ दिवस लागले, कारण आधी मला तोच रस्ता त्याच वेळेला स्वतः सायकलवरून पाहायचा होता. परवाच्या रविवारी पाहून आले.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जाहिरातीत ‘वाहतूकमुक्त सपाट रस्ता, नदीकाठ आणि वाइनचा प्रदेश’ असं होतं, प्रत्यक्षात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावरून खाली उतरवलं, दोन पंक्चर झाली, द्राक्षं रद्दीत गुंडाळलेली, बागेत पहाटे कचरा पेटवलेला, आणि पाच तासांत वाइनचा घोटही नाही. शेवटी तुम्ही ‘फसवणूक’ हा शब्द वापरलात.

‘वाहतूकमुक्त’ ही आमची चूक आहे, ती मी मान्य करते. ही फेरी मी आखली सप्टेंबरात. तेव्हा पाटाच्या, म्हणजे कालव्याकडेच्या, रस्त्यावर मला एक गुराखी आणि दोन मोटरसायकली भेटल्या होत्या. पण दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि गोदाकाठचा रस्ता उसाचा होतो. द्राक्षात साखर भरते ती जानेवारीपासून, आणि ऊसतोडही तेव्हाच जोरात असते. म्हणजे ज्या महिन्यांत सायकल चालवायला या असं आम्ही लोकांना सांगतो, नेमक्या त्याच महिन्यांत ट्रॅक्टर सगळ्यात जास्त. मी याच निफाड तालुक्यात लहानाची मोठी झाले, मला हे कळायला हवं होतं. तुमच्या दिवशी सायखेड्याकडचे शेवटचे सात किलोमीटर ऐन साडेअकराला आले आणि तिथे सगळाच विचका झाला. परवा मी त्याच तुकड्यावर नऊ ट्रॅक्टर मोजले, त्यातले सहा भरलेले.

मात्र ट्रॅक्टरवाल्याने तुम्हाला ‘मुद्दाम मातीत उतरवलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते तसं नाही. उतरायला फेरीबरोबर असलेल्या आमच्या मुलाने सांगितलं आणि ते बरोबरच केलं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला असतो. ड्रायव्हरला मागच्या ट्रॉलीच्या बाजूचं काही दिसत नाही, आणि एवढं ओझं ब्रेक दाबला म्हणून जागेवर थांबत नाही. आमच्याकडे नियम एकच: समोरून किंवा मागून ऊस दिसला की सायकल साइडपट्टीच्या खाली, पाय जमिनीवर, ट्रॉली पुढे जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. तो ड्रायव्हर बहुधा रात्रभर कारखान्याच्या रांगेत जागलेला असतो. त्याने आमच्यासाठी बाजूला व्हावं असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

तुम्ही फ्रान्सचं उदाहरण दिलंत. बर्गंडीतल्या सोन नदीच्या खोऱ्यात तुम्ही चार दिवस सायकल चालवलीत आणि एक मोटार आडवी आली नाही. ते खरंच असणार. जिव्री ते क्लूनी हा तिथला 44 किलोमीटरचा मार्ग 1997 मध्ये खुला झाला तो बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर. रूळ काढले, डांबर टाकलं, मोटारींना बंदी केली. रेल्वेची वाट असल्यामुळे चढही अंगावर येत नाही. मी तिथे गेलेले नाही, पण फेरी आखण्याआधी त्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं, आणि आमच्या जाहिरातीतला तो शब्द तिथूनच आला. पण आमच्याकडे अशी सुटलेली जागा नाही. इथे सायकलला मिळतो तो पाटाचा रस्ता. तो पाटबंधारे खात्याने पाटाच्या देखरेखीसाठी ठेवलेला आहे, आणि त्यावरूनच शेतकरी खत नेतो, मुलं शाळेत जातात, मेंढरं पाण्यावर जातात.

सपाट म्हणून रस्ता कंटाळवाणा वाटला, याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे आणि तिथून डावा नि उजवा असे दोन कालवे निघतात. पाण्याला आपल्या पायाने कोपरगावच्या अंगाला जायचं असतं, म्हणून कालवा जमिनीची पातळी धरून वळणं घेत जातो, उतार डोळ्याला कळणारही नाही इतका. त्याच्या कडेने सायकल चालवताना तुम्ही त्या पाण्याच्या चालीने जाता. आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलेलं असेल तर पाणी शेजारून तुमच्याबरोबर चालतं आणि शंभर वर्षांपूर्वी लेव्हल काढणाऱ्या माणसाचं काम पायांना कळतं. मला तरी ते अजून जुनं झालेलं नाही.

आता द्राक्षांचं. तुमच्या मित्राने एका घडाचा कागद फाडला आणि बागवाला ओरडला, हा प्रसंग तुम्ही ‘उद्धट वागणूक’ म्हणून लिहिलात. ओरडायला नको होतं, हे मी त्यांनाही सांगितलंय. पण तो कागद का असतो ते आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. जानेवारीत आमच्याकडे रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन. त्या फरकाने थॉमसन या हिरव्या द्राक्षाच्या मण्यावर गुलाबी छटा येते. शेतकरी त्याला पिंक बेरी म्हणतात. चवीला काही फरक नसतो, पण निर्यातीचा माल म्हणून तो घड बाद. म्हणून बायका एकरभर बागेत एकेका घडाला वर्तमानपत्राचं पान गुंडाळून टाचणी मारत जातात. हे काम मी लहानपणी आईबरोबर केलंय. संध्याकाळी बोटं शाईने काळी व्हायची आणि मान वर करून करून अवघडायची. कागद सोडवला की आत मण्यांवर पांढुरका थर असतो, धुक्यासारखा. बोट लागलं की तिथे तो पुसला जातो आणि डाग कायम राहतो. व्यापारी घड हातात घेऊन पहिलं तेच बघतो. वर्षभरात दोन छाटण्या, पाऊस, फवारण्या एवढं सगळं होऊन तो घड तिथवर आलेला असतो.

आणि पहाटेचा धूर कचऱ्याचा नव्हता. निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो हे तुम्ही बातम्यांत ऐकत असाल. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जातो. एवढ्या थंडीत पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात, कसंही करून बागेत थोडी ऊब धरून ठेवतात. तुम्ही सातला निघालात तेव्हा तो माणूस चार वाजल्यापासून तिथे होता. तुमच्या घशाला त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटतं. ज्यांना दमा आहे त्यांनी आधी सांगावं, अशी सूचना आता नोंदणीच्या वेळीच देतो.

‘वाइनचा प्रदेश’ या शब्दांतही अर्धी चूक आमची. निफाडच्या बाजूला तुम्ही पाहिलीत ती बहुतेक खाण्याची द्राक्षं. वाइनच्या बागा जास्त दिंडोरीकडे आणि गंगापूरच्या अंगाला. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झालं, ते याच तालुक्यात, पण आपल्या वाटेवर नाही. वाइनची द्राक्षं तुम्हाला दाखवली असती तर कदाचित निराशाच झाली असती: मणी बारीक, साल जाड, आत बी. पण शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षाचा मणी चावून मग त्याचाच ग्लास घेतला की गंमत कळते, आणि ती आम्ही तुम्हाला दिली नाही. फेब्रुवारीपासून संध्याकाळी गाडीने दिंडोरीच्या एका बागेत नेऊन हे दोन्ही दाखवतो आहोत.

पण वाइन सायकल टेम्पोत चढल्यावरच. हा नियम बदलणार नाही.

पंक्चरचं सांगते. पाटावर मुरूम आहे आणि कडेने बाभळी. तुमच्या सायकलींना 25 मिलिमीटरचे टायर होते आणि आमच्या माहितीपत्रकात ‘रोड बाइक चालेल’ असं छापलं होतं. ते चुकीचं होतं. आता 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असं लिहिलंय, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना आमच्या सायकली वेगळं भाडं न घेता. वाटेत तुमच्या एका मित्राला उसात आडोशाला जाऊ दिलं नाही, त्याचं कारण बिबट्या. गोदाकाठच्या उसात तो असतोच, आणि म्हणूनच उजाडल्याशिवाय आम्ही निघतही नाही.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती नांदूरमध्यमेश्वरची. पंक्चरमध्ये पाऊण तास गेला आणि तिथे तुम्ही जेमतेम दहा मिनिटं थांबलात. जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तुम्ही गेलात त्याच वेळी पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाक आणि तलवार बदकं होती, मनोऱ्यावरून दुर्बिणीने दिसली असती. दुर्बीण आमच्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत होती आणि घाईत ती काढलीच गेली नाही.

बदल एवढे केलेत. फेरी आता उलट दिशेने. सायखेड्याचा तुकडा सकाळी पहिल्यांदा, उसाची वाहतूक वाढायच्या आत. कारखान्याच्या वाटेवरचे सहा किलोमीटर पूर्ण वगळले, त्यामुळे फेरी 48 ऐवजी 42 किलोमीटरची झाली. नांदूरमध्यमेश्वरला एक तास राखून ठेवलेला, काही झालं तरी. आणि जाहिरातीत आता असं आहे: ‘कमी वर्दळीचे गावरस्ते आणि पाटाचा रस्ता. हंगामात उसाचे ट्रॅक्टर भेटतील.’ हे वाचून काही लोक येणार नाहीत, ते चालेल.

तुम्ही माणशी 1,800 रुपये भरले होते. चौघांचे निम्मे, म्हणजे 3,600 रुपये, ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर काल परत पाठवलेत. परीक्षण बदला असं मी म्हणणार नाही, त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त ‘फसवणूक’ या शब्दाचा एकदा विचार करावा एवढी विनंती.

तुमच्या निळ्या जॅकेटवाल्या मित्राचा डाव्या हाताचा हातमोजा बागेतल्या शेडमध्ये सापडला. धुऊन तुमच्या पत्त्यावर कुरिअर केला आहे, मंगळवारपर्यंत पोचेल.