मामा, ते चर बुजवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला : 'ॲमेझॉनच्या पूररानातली झाडं वर्षातले सात महिने पाण्यात उभी असतात आणि त्या पाण्यामुळेच जोमाने वाढतात. तेव्हा मुळाशी पाणी तुंबलं म्हणून घाबरू नका.' पहिल्यांदा आला तेव्हा सोडून दिलं होतं. पण तो वाचून मामा खालच्या खाचरातल्या आंब्याच्या कलमांचे चर बुजवायला निघाले, म्हणून लिहितोय.

सात महिने पाणी, हे खरं. ब्राझीलमध्ये मामिरावा भागात नदी दरवर्षी दहा-दहा मीटर चढते. पण त्या पाण्यात झाड वाढत नाही, थांबतं! बुडलेल्या मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, कित्येक झाडं पानं गाळतात, खोड जाड व्हायचं थांबतं. पाणी ओसरलं की पुन्हा सुरुवात. दरवर्षीचा हा खंड लाकडात वलय होऊन उमटतो, आणि तीच वलयं मोजून तिथल्या झाडांचं वय काढतात. ('उष्ण प्रदेशातल्या झाडांना वलयं नसतात' हेही त्याच मेसेजात आहे. सागाचा ओंडका कापलेला बघा.)

गढूळ पाण्याच्या पूररानात झाडं झपाट्याने वाढतात, एवढं मान्य करावं लागेल. पण कशामुळे? श्योनगार्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिथल्या माक्रोलोबियम या झाडाची एकच जात दोन ठिकाणी तपासली. अँडीज पर्वतातला गाळ येतो तिथे वाढीचा वेग काळ्या, निकस पाण्याच्या रानातल्यापेक्षा दीडपटीहून जास्त निघाला. निकस रानातली काही झाडं पाचशे वर्षांवरची होती, गाळाच्या रानातली दोनशेच्या आतली. पूर दोन्हीकडे येतो. फरक गाळाचा आहे.

आणि पुराला सरावलेल्या या झाडांनाही कोरडे महिने लागतातच. ब्राझीलमध्येच उआतुमा नदीवर १९८०च्या दशकात बाल्बिना धरण झालं आणि खालच्या बाजूला सखल भागातलं पाणी उतरेनासं झालं. पिढ्यान्‌पिढ्या पूर सोसलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. मग आंब्याच्या कलमाचं काय होईल?

मेसेजातलं 'करोडो वर्षं जसंच्या तसं जंगल' हेही खोटं. नदी काठ खाते, पलीकडे नवा गाळ टाकते. त्यावर आधी गवत, मग आपल्या वाळुंजाचा तिकडचा भाऊबंद, मग सेक्रोपियाची झाडं, आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारी कठीण लाकडाची झाडं. पेरू देशातल्या सखल रानाचा सुमारे १२ टक्के भाग नदीकाठच्या अशा घडणीत असल्याचं १९८६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलंय.

मासे बिया पसरवतात, हा मेसेजातला मुद्दा मात्र बरोबर आहे.

मामा, पाऊस तोंडावर आलाय. बुजवलेले चर रविवारी येऊन मी पुन्हा खणतो. तोवर उरलेल्यांना हात लावू नका.