नालदेहरा गोल्फ सहल : ‘डोंगर चढायला पैसे घेतले’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

बडोद्याहून आमच्यासोबत शिमल्याजवळच्या नालदेहऱ्याला गोल्फ खेळून आल्यावर तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी चार : कोर्स (गोल्फचे मैदान) म्हणजे नुसता उतार, कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) नाही, कॅडी (बॅग वाहणारा, सल्ला देणारा सोबती) सतत ‘कमी अंतराचा’ क्लब (चेंडू मारायची काठी) हातात देत होता, आणि चेंडू इतके हरवले की शेवटी उसने घ्यावे लागले. पैसेही परत मागितलेत. ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे शुल्क), कॅडी, राहणे हे सगळे ठरल्याप्रमाणे मिळाले, त्यामुळे पैसे परत होणार नाहीत. बाकीचे सविस्तर लिहितो. पुढच्या तुकडीतली मंडळीही हे वाचतील.

आधी कॅडी, कारण चेंडू हरवण्याचे मूळही तिथेच आहे. नालदेहरा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. हवा विरळ, म्हणून चेंडू बडोद्यापेक्षा साधारण सात-आठ टक्के लांब जातो. शिवाय ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) खाली असेल तर दर तीन फुटांना एक यार्ड वजा करायचा. लेझरने (अंतर मोजायच्या यंत्राने) 150 यार्ड दाखवले आणि ग्रीन 45 फूट खाली असले, तर 15 गेले, उरले 135. विरळ हवेचे आणखी दहाएक वजा. म्हणजे फटका 125 चा. बडोद्यात 150 ला 7 आयर्न (आयर्नचा आकडा जितका मोठा तितके अंतर कमी) घेणाऱ्याला कॅडीने 9 आयर्न दिला, तो हिशेब चोख होता. तुम्ही 7 चाच हट्ट धरलात आणि चेंडू ग्रीनवरून थेट देवदारांत गेले. तुमच्या लेझरमध्ये उताराची सोय नाही. ते सरळ रेषेतले अंतर सांगते, पुढचे गणित कॅडीच्या डोक्यात असते.

उतारावर उभे राहण्याचे तंत्र वेगळे, आणि बडोद्याच्या सपाट जमिनीवर त्याची सवय होत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वर असला की तो डावीकडे ओढला जातो. ग्रिप इंचभर खाली धरा आणि निशाण उजवीकडे ठेवा. गंमत अशी की त्याच उतारावर 5 आयर्नपेक्षा वेजचा (सर्वात कमी अंतराच्या क्लबचा) चेंडू जास्त डावीकडे जातो, कारण लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) जितका जास्त तितके क्लबचे तोंड डावीकडे वळलेले. चेंडू पायांपेक्षा खाली असला की सगळे उलट : गुडघे जास्त वाकवा, फटका संपेपर्यंत उंची बदलू नका, नाहीतर क्लब चेंडूच्या डोक्यावर बसतो. समोर चढ असेल तर खांदे चढाला समांतर ठेवा आणि एक क्लब मोठा (जास्त अंतराचा) घ्या, कारण चेंडू उंच उडतो आणि कमी जातो. समोर उतार असेल तर वजन डाव्या पायावर, चेंडू किंचित मागे. तो बुटका उडतो आणि पडल्यावर लांब धावतो. चारही ठिकाणी पाऊण ताकद पुरे. पूर्ण ताकदीने पाय सुटतात, वाळक्या पाल्यावर तर नक्कीच.

त्या पाल्याबद्दल एक. चेंडूभोवतीच्या काड्या उचलायला नियमाची हरकत नाही, पण ग्रीनच्या बाहेर त्या उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू पुन्हा जागेवर. उतारावर तो हलतोच. काडी आड येत नसेल तर हात लावू नका.

हरवलेल्या चेंडूचा शोध तीन मिनिटे, त्याहून जास्त नाही. शंका आली तर टीवरूनच (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरूनच) ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता चेंडू, असे मोठ्याने सांगून दुसरा मारून ठेवा. न सांगता मारलात तर पहिला सापडूनही बाद. सहलीआधीच्या पत्रकात डझनभर चेंडू आणा असे लिहिलेले असते, तुम्ही सहा आणलेत.

ग्रीनवर ‘सपाट पट (होलकडे घरंगळत मारलेला फटका) दरीकडे वळतो, कॅडी मात्र आधीच सांगत होता’ असे तुम्हीच लिहिले आहे. मग तक्रार कशाची, ते कळले नाही. भोवतीचा डोंगर तिरका असला की डोळा त्यालाच पाया धरतो आणि दरीकडे झुकलेले ग्रीन सपाट वाटते. खालच्या बाजूने बघा, पायांना काय जाणवते ते बघा, आणि अ‍ॅप्रोच (ग्रीनवर पोचवणारा फटका) असा मारा की चेंडू होलच्या खालच्या अंगाला थांबेल.

कार्टचे म्हणाल तर आमच्या सहलीत तिथे पायीच खेळतो, आणि हे बुकिंगच्या वेळी सांगतो. गुडघा दुखत असेल तर नऊ होलवर थांबा, बॅगेत सात क्लब ठेवा. चौदा ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे.

आता ‘कोर्स सपाट करून का घेत नाहीत’ हा तुमचा प्रश्न. हा कर्झनच्या काळातला कोर्स. 1899 ते 1905 तो व्हाइसरॉय होता, आणि 1904 साली जन्मलेल्या मुलीच्या नावातही त्याने नालदेरा घातले. मातीकामाच्या यंत्रांआधीचे कोर्स जमिनीच्या कलानेच आखलेले असत. तो कल काढला तर तिथवर जाण्यात राम नाही. सदस्यत्व नसतानाही पैसे भरून असा जुना कोर्स खेळता येतो, हेही थोडे नाही. सपाट, कार्टवाला रिसॉर्ट कोर्स हवा असेल तर तसे सांगा, तशीही सहल आहे.

पुढच्या तुकडीसाठी पावसाळा संपल्यावर गवताच्या बांधावर उताराचा सराव ठेवतोय, सकाळी साडेसहाला. तुम्हीही या, शुल्क नाही. 5, 7, 9 आयर्न आणि वेज एवढेच आणा. बूट मात्र स्पाइकचे हवेत.