‘घोट जात नाही तिला घास कसले सांगता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागाने लिहिलेली आहे. ‘धन्यवाद, विचार करू’ एवढ्यावर ती मिटवणं बरं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर, कधी आतड्यावरही, वाढण्याचा आजार. त्याच्या दुखण्यात भूक मरते तेव्हा दर दोन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ताईंचे तीन आक्षेप आहेत. ज्याला कधी कळा आल्या नाहीत, तोच असा सल्ला देऊ शकतो. गहू, दूध, साखर यांनी सूज वाढते, आणि लेखात मात्र दूधभात आणि टोस्ट सांगितलेत. आणि भूक नसणं म्हणजे शरीर लंघन मागतंय, त्याचं ऐकावं. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की तीन महिने गहू-दूध सोडल्यावर पोट हलकं वाटतं आणि ‘वजनही ५२ वरून ४७ वर आलं, तेवढाच फायदा’. या शेवटच्या वाक्याकडे मी सावकाश येणार आहे, कारण अख्ख्या प्रतिक्रियेत मला काळजी वाटली ती त्याच वाक्याची.

लंघनापासून सुरुवात करू. या आजारात भूक जाते त्याची कारणं पोट भरलेलं असण्याशी जोडलेली नसतात. पाळीच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन्स, म्हणजे कळा आणि दाह आणणारी शरीरातली रसायनं, वाढतात. त्यांनी गर्भाशय आवळतं तसं आतडंही आवळतं, म्हणून कळांबरोबर मळमळ आणि पातळ शौचाला होणं येतं. दाहामुळे रक्तात जी रसायनं फिरतात ती मेंदूतली भूक दाबतात. तापात तोंडाची चव जाते तोच प्रकार. तीव्र वेदनेत जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळचा अर्धा कप चहासुद्धा दुपारपर्यंत छातीशी आल्यासारखा वाटतो. वर औषधांचा वाटा असतोच. मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाच्या जोडीला येणारं, पेटके सोडवणारं डायसायक्लोमिन तोंड कोरडं करतं आणि पोट-आतडी सुस्तावतं, ट्रॅमाडॉल हे जास्त तीव्र वेदनाशामक मळमळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही देतं, लोहाच्या गोळीने तोंडाला धातूची चव येते. इतक्या गोष्टी भुकेवर बसलेल्या असताना तिच्यावरून शरीराची गरज ओळखता येत नाही. गरज तेवढीच असते, फक्त घंटा वाजत नाही.

आणि लंघनच म्हणायचं तर चरकसंहितेतल्या ज्या अध्यायात ते येतं त्याचं नावच ‘लंघनबृंहणीय’ आहे. कृश, दुर्बल माणसाला तिथे बृंहण, म्हणजे पोषण, सांगितलंय. महिन्यातले आठ-दहा दिवस अर्धपोटी काढणाऱ्या बाईला कोणत्या बाजूला बसवायचं हे कुठलाही चांगला वैद्य तिची नाडी आणि वजन बघूनच ठरवेल. पाळी आली आणि त्यातच संकष्टी आली तरी उपास न मोडणाऱ्या घरांबद्दल इथे फार बोलत नाही, पण तो एक दिवस देवाला माफ करायला सांगावा असं माझं मत आहे.

आता ‘दर दोन तासांनी’. यात जेवण अभिप्रेत नव्हतंच. कळा ऐन भरात असताना तीन-चार चमचे किंवा अर्धी वाटी पातळ पदार्थ, एवढंच. खरं खाणं व्हायला हवं ते औषधाचा असर असतो त्या तासात, आणि घड्याळापेक्षा हा तास पकडणं जास्त महत्त्वाचं आहे.

पाळीबरोबर येणाऱ्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मेफेनॅमिक ॲसिड किंवा नॅप्रोक्सेन दिलं असेल तर ते दुखणं डोक्यावर चढायच्या आधी, पहिली चाहूल लागताच घेतलेलं चांगलं लागू पडतं, कारण ही औषधं नवीन प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणं थांबवतात, आधीच तयार झालेली पुसत नाहीत. सहन होईनासं झाल्यावर, उपाशी पोटी, चहाबरोबर गोळी, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात गोळी उशिरा लागते, पोट जळजळतं, आणि दुसऱ्या दिवशी अन्न समोर नकोसं होतं. त्याऐवजी आधी चार-पाच चमचे दहीभात, नाहीतर एखादा टोस्ट किंवा अर्धं केळं. मग पाणी भरपूर घेऊन गोळी. मग ओटीपोटावर किंवा कमरेवर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. थेट त्वचेवर रोज तासन्‌तास ठेवली तर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, म्हणून कापड हवंच. साधारण तासाभराने दुखणं उतरायला लागतं. तेव्हा ताट समोर असलं पाहिजे. त्या वेळी उठून कुकर लावायला गेलात की शिट्ट्या होईपर्यंत तो तास निघून जातो.

म्हणून तयारी आधीच्या आठवड्यात करायची. लाह्यांचं किंवा सातूचं पीठ डब्यात, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, साधी मिल्क पावडर, ओआरएसची पाकिटं, उशाशी हात पोचेल अशा जागी. पाळीच्या तारखेचा अंदाज येत नसेल तर हा डबा कायमच भरलेला ठेवा.

ऐन दुखण्यात काय जातं? गरम अन्नाचा वास जास्त येतो आणि मळमळ वासाने वाढते, म्हणून थंड किंवा कोमट पदार्थ आधी. शक्य असेल तर फोडणी दुसऱ्या कुणीतरी, खोलीचं दार लावून द्यावी. घन पदार्थापेक्षा पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतो आणि स्निग्ध पदार्थ सगळ्यात उशिरा. त्यामुळे ‘अंगात ताकद येईल’ म्हणून साजूक तुपातला शिरा त्या दिवशी देऊ नये, तो दिवसभर पोटात बसून राहतो. तूप एका चमच्यापुरतं ठीक आहे. बाकीचं तूप, दाण्याचा कूट, सुकं खोबरं, तीळ हे चांगल्या दिवसांसाठी, तेव्हा मात्र सढळ हाताने.

मऊभाताचं प्रमाण देते. ४० ग्रॅम जुना तांदूळ, १५ ग्रॅम मूगडाळ, सहापट पाणी, चिमूटभर मीठ, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. निवल्यावर घोटून वर एक चमचा तूप. यात साधारण २३५ कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. हा दोन-तीन वेळांत विभागून खायचा. जास्त पातळ हवा असेल तर गरम पाणी किंवा ताक घाला, ताक नको असेल तर लिंबाच्या लोणच्याचा खार लावा. आंबट-खारट चव मळमळीत गोडापेक्षा बऱ्याच जणींना सोसते. दोन चमचे मिल्क पावडर कोमट पेजेत ढवळली की चव फारशी बदलत नाही आणि प्रथिनं वाढतात. एक उकडलेलं अंडं म्हणजे ७० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं, पण वासामुळे ते तेव्हा बहुतेकींना नको होतं.

असे सहा वेळा दीडदीडशे कॅलरी गेल्या तर दिवसाला ९०० होतात. गरजेपेक्षा हे कमीच आहे. पण शून्यापेक्षा खूप आहे, आणि तूट पुढच्या चांगल्या दिवसांत भरता येते.

घोटसुद्धा जात नाही, हे तुम्ही लिहिलंत तेच धरून चालू. मग घोट सोडा, चमचा घ्या. उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे ओआरएस. तासाला शंभर मिलिलिटरच्या आसपास गेलं तरी चालेल. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथली साखर काढू नका. आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जातं ते साखरेच्या जोडीने, ‘सूज’ वाढते म्हणून नुसतं मीठपाणी प्यायलं तर काम होत नाही. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळून मळमळ थोडी कमी होते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आलं अति करू नका.

गोळीच उलटून पडत असेल तर आपल्या मनाने लगेच दुसरी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गुदमार्गे ठेवायची सपोझिटरी मिळते. ती चालेल की नाही हे पोटाचा अल्सर, मूत्रपिंड, दमा आणि आतड्यातल्या गाठी बघून ते ठरवतील. उलटीसाठी दिलेलं ऑनडॅन्सेट्रॉन बद्धकोष्ठ वाढवतं हे लक्षात असू द्या. भूक वाढवणारी सिरपं मेडिकलमध्ये सहज मिळतात, त्यातलं सिप्रोहेप्टाडिन झोप आणतं, आतडी आणखी सुस्तावतं, आणि दुखण्याला हात लावत नाही. त्या वाटेला न गेलेलं बरं.

एक गोष्ट बायका सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. शौचाच्या वेळी सुरी फिरल्यासारखं दुखत असेल तर बाई नकळत खाणंच कमी करते, कारण खाल्लं की जावं लागणार. बाहेरून हे ‘भूक नाही’ असंच दिसतं. इथे मऊभाताने काही होत नाही, शौच मऊ करावं लागतं. त्यातही अडचण अशी की सर्रास लिहून दिलं जाणारं लॅक्टुलोज सिरप मोठ्या आतड्यात आंबतं आणि आधीच डब्ब झालेलं पोट आणखी फुगवतं. इसबगोलानेही काहींना तसंच होतं. पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर फारशी आंबत नाही. ती चालेल का, हे विचारून घ्या. लोहाची गोळी रोजऐवजी एक दिवसाआड घेतल्यास दर गोळीमागे लोह जास्त शोषलं जातं आणि पोटाचा त्रासही घटू शकतो, तेही विचारा.

आता गहू-दूध. प्रजनन-वैद्यकातल्या तज्ज्ञांच्या एश्रे या युरोपीय संस्थेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेसाठी कुठल्याही विशिष्ट आहाराची शिफारस केलेली नाही, पुरावा अपुरा म्हणून. गहू सोडल्याने वेदना कमी होतात असं सांगताना २०१२ चा एक इटालियन अभ्यास नेहमी पुढे करतात. त्यात २०७ स्त्रिया होत्या, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बारा महिन्यांत आपसूक किंवा इतर कारणाने किती जणींना बरं वाटलं असतं, हे त्यातून कळत नाही.

तरी तुम्हाला हलकं वाटतं, हे मी खोटं म्हणत नाही. गव्हात, कांद्या-लसणात, राजमा-छोल्यांत आणि दुधात आंबणारी साखर असते; तिला फॉडमॅप म्हणतात. ती कमी केली की गॅस घटतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधनात एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांना अशा आहाराने पोटाच्या तक्रारींत फरक पडला. पण त्याची रीत अशी की चार आठवडे कमी करायचं आणि मग एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणून कशाने त्रास होतो ते बघायचं. कदाचित तुमचा त्रास कांद्याचा असेल आणि पोळी बिचारी उगाच बंद झाली असेल. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गहू ‘पूर्ण बंद’ असताना ते वरणातून पोटात जात असणार. त्याने काही बिघडलेलं दिसत नाही, यावरूनही अंदाज घ्या. भूक नसताना पोळी, दूध, डाळी, फळं अशी एकेक दारं लावून घेतली की उरतं ते वरण-भाताचं पाणी.

आणि म्हणून ते ५२ चे ४७. ही जवळजवळ दहा टक्के घट आहे. मुद्दाम प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के कमी झालं तरी डॉक्टरांकडे जावं असं मानतात. तुमच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे २.६ किलो. तुमचे पाच किलो तीन महिन्यांत गेलेत. पुढच्या भेटीत ‘जेवण जात नाही’ एवढंच सांगू नका, हे दोन आकडे आणि महिने सांगा. ‘बारीक झालात, छान’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर या तपासण्या होतील. आपल्याकडे पोटाचा आणि जननेंद्रियांचा क्षयरोगही एंडोमेट्रिओसिससारखाच दिसू शकतो, सीए-१२५ हे रक्तात मोजलं जाणारं प्रथिन दोन्हींत वाढू शकतं, तेव्हा वजन घटत असताना त्याचा विचार झाला पाहिजे. सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, टीटीजी ही रक्ततपासणी सांगितली तर गहू बंद आहे हे आधी सांगा. गहू खात नसताना ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. निदान सहा आठवडे दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा गहू खाऊन मग ती करतात.

पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम पोटभर सुरू करू नका. शरीरातले फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टरांच्या नजरेखाली, पहिले दोन दिवस निम्म्याहून जास्त नाही. आणि चोवीस तास पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, पोट टणक फुगून वारासुद्धा सरत नसेल, एका बाजूला अचानक भयंकर कळ आली, उलटीत रक्त किंवा शौचाला डांबरासारखं काळं चिकट दिसलं (लोहाच्या गोळीने काळं होतं, पण चिकट होत नाही), तर घरी पेज करत बसू नका, रात्र असली तरी इस्पितळात जा.

तोवर आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. पोट डब्ब असलेल्या दिवशी काटा एक-दीड किलो जास्तही दाखवेल, तो आकडा धरू नका. तीन दिवस काय, किती वाजता, गोळीनंतर किती वेळाने पोटात गेलं तेवढं लिहून ठेवलंत तर आहारतज्ज्ञाचं निम्मं काम होईल.