ठाण्यात ऑक्टोबरमध्ये 44 अंश? ‘शंभर वर्षांतला विक्रम’ तपासून पाहू

पाऊस परतला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो फिरू लागतो. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘ठाण्यात 44 अंश! शंभर वर्षांतला सर्वात गरम ऑक्टोबर. असं ऊन पूर्वी कधीच नव्हतं.’

‘44 अंश’: गाडीचा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे किंवा जाळीजवळ असतो. घोडबंदर रोडच्या कोंडीत त्याला तापलेल्या डांबराची आणि इंजिनाची धग लागते. गाडी सलग धावू लागली की आकडा उतरतो, पण फोटो निघतो कोंडीत. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. पेटीचं दार उत्तरेला असतं, म्हणजे ते उघडलं तरी ऊन थेट तापमापकावर पडत नाही. तिथे मोजतात ते सावलीतल्या, खेळत्या हवेचं तापमान.

‘मोबाइलही तेच दाखवतो’: तो बऱ्याचदा ‘फील्स लाइक’चा, म्हणजे आर्द्रता धरून अंगाला जाणवणाऱ्या उष्म्याचा आकडा असतो. हवा 34 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर हा आकडा 44 च्या आसपास जातो. तो खोटा नाही. घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, आणि उन्हात राबणाऱ्याला धोका खराच असतो. पण विक्रम ठरतात हवेच्या तापमानावर, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

‘शंभर वर्षांतला’: विक्रम सांगायचा तर त्याच जागेची तेवढी जुनी नोंद हवी. कुलाब्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली स्वयंचलित केंद्रं अलीकडच्या काळातली. सांताक्रूझचा उच्चांक 42.2 अंशांचा आहे, 14 एप्रिल 1952 चा. ऑक्टोबरातले 44 खरे असते तर ते भर उन्हाळ्यातल्या या आकड्यालाही मागे टाकते. ठाणं सांताक्रूझपेक्षा अनेकदा जास्त तापतं हे मात्र बरोबर. ते समुद्रापासून आत आहे आणि पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, त्यामुळे खारा वारा उशिरा पोचतो.

‘पूर्वी कधीच नव्हतं’: मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. ढग हटतात, जमिनीकडून पूर्वेचा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा यायला दुपार उजाडते. ऑक्टोबर हीट आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होती.

तरीही ‘हे नेहमीचंच’ म्हणून हात झटकणारेही तितकेच चुकतात. हवामान विभागाच्या नोंदींनुसार ऑक्टोबर 2024 हा देशात 1901 पासूनचा सर्वात उष्ण ऑक्टोबर ठरला. सरासरी तापमान 26.92 अंश, नेहमीपेक्षा 1.23 ने जास्त. त्यातही किमान तापमान 20.01 ऐवजी 21.85 अंश होतं. म्हणजे रात्री अधिक बिघडल्या, आणि दुपारच्या फोटोत नेमकं हेच दिसत नाही.

सोसायटीत नोंद ठेवायची असेल तर कमाल-किमान तापमापक उत्तरेकडच्या सावलीत, भिंतीपासून सुटा आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून दूर लावा. गच्चीच्या लादीवर नको, लादी सूर्यास्तानंतरही धग सोडत राहते. सकाळी साडेआठला दोन्ही आकडे वहीत लिहा आणि लगेच रीसेट करा. ते राहून गेलं तर कालचाच उच्चांक आज पुन्हा लिहिला जाईल.