गाय रवंथ करते, आपण घोळवत बसतो

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. ऐंशी ओलांडलेले, तळमजल्यावर राहणारे एक काका तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते आणि सेक्रेटरी या नात्याने मी सर्वांसमोर म्हणाले, "काका, तुम्हांला समजून घ्यायचेच नसेल तर माझा नाइलाज आहे." सभा रात्री नऊला संपली, माझ्यापुरती ती पुढचे तीन आठवडे चालू राहिली. अंथरुणाला पाठ टेकली की तेच वाक्य, मागच्या रांगेतला तोच दबका हशा आणि त्यामागोमाग 'मी अशी का आहे?' हा प्रश्न. आपण आत्मपरीक्षण करत आहोत, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

फसगत होते ती इथेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हे पुणे. इथे 'विचारी' हे विशेषण प्रशस्तिपत्रासारखे वापरले जाते आणि त्यामुळे स्वतःला कुरतडत बसणेही आपल्याला विचारीपणाचेच लक्षण वाटू लागते.

मानसशास्त्रात या कुरतडण्याला 'रूमिनेशन' असा जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ रवंथ. माझे माहेर शेतकऱ्याचे असल्यामुळे मला यात गाईवर अन्याय झाल्यासारखे वाटते. गाय पोटातला चारा परत तोंडात आणते हे खरे, पण तो बारीक करून गिळल्यावर चारा पुढच्या कप्प्यात जातो आणि पचतो. शिवाय निवांत असलेली गायच रवंथ करते. तिने रवंथ सोडला की आमचे वडील डॉक्टरांना बोलावणे धाडत. म्हणजे खरे रवंथ हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. मी जे करत होते त्यात घास पुढे सरकतच नव्हता.

सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाला एका भूकंपाने विलक्षण कलाटणी दिली. ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, त्याच्या १४ दिवस आधी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी योगायोगानेच एक प्रश्नावली भरून घेतलेली होती. उदास वाटू लागले की त्या उदासीभोवतीच घुटमळण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. पुढे २००३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घुटमळण्याचेच दोन भाग वेगळे करून दाखवले: एक कुढणे, दुसरे चिंतन. त्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की चिंतनही त्या क्षणी सुखाचे नसते. चिंतन करणारेही तेव्हा उदासच होते, मात्र काळ गेल्यावर त्यांची उदासी कमी झालेली दिसली आणि कुढणाऱ्यांची तशी झाली नाही. तेव्हा 'त्रास होतो आहे, म्हणजे हा वाईट विचार' ही कसोटी चालत नाही, आणि विषय कोणता किंवा वेळ किती गेला हीदेखील चालत नाही. गेलेल्या माणसाची आठवण वर्षानुवर्षे काढणारा कुढतच असतो, असे मला तरी वाटत नाही.

म्हणूनच "जास्त विचार करू नकोस" हा आपल्याकडे घरोघरी मिळणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. माझ्या सासूबाईंनी तो प्रेमानेच दिला, पण मुळात मी विचार करतच नव्हते, तर तो थांबवणार कसा? (नको असलेला विचार हटत नाही, तो शमवण्यासाठी तीच ती कृती पुनःपुन्हा करावी लागते आणि त्यात दिवसाचे तास जातात, अशी अवस्था असेल तर मात्र ही पोस्ट बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.)

कुढण्यातून बाहेर पडण्यासाठी इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांचा भर 'का' या अमूर्त प्रश्नावरून 'कसे' या ठोस प्रश्नाकडे वळण्यावर आहे. मला ते आधी शाब्दिक खेळासारखे वाटले. तरीही एका रविवारी वेताळ टेकडीवरून उतरल्यावर त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी त्या संध्याकाळचा क्रम लिहायला बसले: कोण आधी बोलले, कोणाचा आवाज कधी चढला, काकांनी नेमके काय विचारले. तिथे पेन थांबले. तीन आठवडे मी स्वतःचे वाक्य शेकडो वेळा ऐकले होते, पण काकांचा प्रश्न मला आठवत नव्हता. त्या सगळ्या कुढण्यात काका कुठेच नव्हते. होते ते फक्त माझे रूप, लोकांना दिसलेले.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. "लागले होते खरे," असे त्यांनी सरळ सांगितले आणि चहा ठेवायला लावला. त्यांचा प्रश्न असा होता: इमारत पाडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत भाडे मिळेल हे मान्य, पण गुडघे गेलेल्या दोन म्हाताऱ्यांना तळमजल्यावरचे किंवा लिफ्ट असलेले घर याच भागात त्या भाड्यात मिळाले नाही, तर वरचा फरक कोण देणार? करारनाम्याच्या मसुद्यात याचे उत्तर नाही. पुढच्या सभेच्या पत्रिकेवर मी तो तिसरा विषय म्हणून घेतला आहे.