काका, झाकण!

साडेपाच तास कोळशावर संथ शिजलेल्या रिब्स, म्हणजे डुकराच्या बरगड्या, माझ्यादेखत मायक्रोवेव्हमध्ये सारल्या गेल्या. तीन मिनिटं, पूर्ण पॉवरवर. कारण एवढंच, की कापल्यावर मांसाची कड गुलाबी दिसली. "आत कच्चं आहे ते," असा निकाल लागला आणि त्यावर अपील नव्हतं.

वास्तविक कच्चं मांस गुलाबी असतं ते आतल्या बाजूला, हाडापाशी. कड गुलाबी आणि आतून शिजलेलं, ही करणी धुराची. जळत्या लाकूड-कोळशातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला धरतो, आणि मग कितीही शिजवा, तो रंग जात नाही. अमेरिकेत याला स्मोक रिंग म्हणतात आणि लोक तिचे जवळून फोटो काढतात. न्यू जर्सीतल्या आमच्या मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या सुट्टीच्या) पंगतीत तिला रोग समजण्यात आलं. निकाल देणारे गृहस्थ माळकरी. जन्मात मांसाला शिवलेले नाहीत.

हे काका मित्राचे वडील. कोल्हापूरकडचे, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, सगळी नोकरी साखर कारखान्यात बॉयलरवर झालेली. पण त्यांच्याकडे यायच्या आधी तयारीचं उरकतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने सेंट लुई कट घ्यावा. स्पेअर रिब्सचं (पोटाकडच्या बरगड्यांचं) छातीकडचं कुर्चेचं टोक छाटलं की उरणारा चौकोनी, सपाट तुकडा तो हाच. सगळीकडे सारखा शिजतो. बेबी बॅक पाठीकडच्या. त्या लवकर होतात, पण चरबी कमी, म्हणून जरा दुर्लक्ष झालं की कोरड्या. हाडाच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढायचाच. तो शिजून मऊ होत नाही, दाताखाली प्लॅस्टिक लागतं आणि मसालाही आत जाऊ देत नाही. कडेच्या हाडावर सुरीचं बोथट टोक घालून तो उचलायचा, कागदी टॉवेलने पकडून ओढायचा. नुसत्या बोटांनी धराल तर निसटतो. दोन स्लॅबना, म्हणजे बरगड्यांच्या दोन अख्ख्या पट्ट्यांना, चार मोठे चमचे ब्राऊन शुगर, दोन पॅप्रिका, एक मीठ, एक मिरपूड, लसणाची पूड एक छोटा चमचा. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी मिरची बिनदिक्कत वापरा, कोणी पोलिसात देत नाही.

कोळसा कसा मांडायचा ते महत्त्वाचं. २२ इंची केटल ग्रिलच्या (झाकणाच्या गोल शेगडीच्या) कडेकडेने ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, लावत जायच्या: खाली दोन शेजारी शेजारी, वर दोन, असा अर्ध्याहून जास्त घेर. मधून मधून हिकरी या अमेरिकी झाडाचे किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे. दहा-बारा ब्रिकेट चिमणीत (कोळसा पेटवायच्या उभ्या डब्यात) पांढऱ्या होईपर्यंत पेटवून एका टोकाला ठेवल्या की एकीवरून दुसरी पेटत जाते आणि उष्णता तासन् तास बेताची राहते. पेटवायला ते बाटलीतलं रॉकेलसारखं द्रव वापरू नये, मांसाला वास लागतो. मधोमध पाण्याची ट्रे. खालचं व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, पाव उघडं, वरचं पूर्ण आणि ते मांसाच्या डोक्यावर येईल असं फिरवलेलं. जाळीपाशी २२५ ते २५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सियस. आणि झाकण बंद.

झाकण बंद! १९५२ साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा कापून हे ग्रिल केलं, ते उघड्या शेगडीवर वारा नि पाऊस छळतात म्हणून. त्याच्या शोधाचा जीव झाकणात आहे. झाकणाला एवढा मान असलेलं दुसरं भांडं माझ्या माहितीत नाही.

काका स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आले, वाऱ्याची दिशा पाहून धूर चुकवून उभे राहिले.

"ड्राफ्ट कुठनं? हवा कुठनं घेतोस?"

"खालून, काका."

"आणि डॅम्पर, हवेची झडप?"

"वर, झाकणाला."

"म्हणजे नॅचरल ड्राफ्ट. आमच्याकडं धूर ओढायला आयडी फॅन होते." एक घोट. "बघू की जरा."

आणि झाकण वर.

"काका, झाकण!"

"अरे, बघतोय नुसतं. हे बघ, आता हवा गेली आत. आता तुझा कोळसा चढणार. मांसाभोवतीची गरम हवा मात्र गेली. म्हणजे वर थंड, खाली भडका. दोन्हीकडनं तोटा." झाकण ठेवलं. "भट्टीचं दार उगाच उघडायचं नसतं. ऑपरेटर लोकांना हेच सांगून सांगून माझा घसा बसला."

हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं. त्रास त्याचाच झाला. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला गप्प करता येतं. बरोबर बोलून चुकीचं वागणाऱ्याचं काय करायचं? पाच मिनिटांनी काटा तीनशेकडे निघाला तेव्हा काका म्हणाले, "बघ, म्हणालो नव्हतो?" आणि आपलं म्हणणं कितपत खरं ठरलं ते तपासायला झाकण पुन्हा उचललं.

दर उघडण्याला पंधरा मिनिटं वाढवा, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. हिशोब वाचकांनी करावा. मधे त्यांनी झाकणावरच्या थर्मामीटरला टिचकी मारून "हे गेज खोटं बोलतंय" असंही सांगितलं. तेही खरं. ते वरच्या हवेचं तापमान दाखवतं, मांस असतं खाली. जाळीवर वेगळा प्रोब लावावाच लागतो.

मग मांसाचं तापमान १६० च्या आसपास अडकलं. अडकतंच. पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होऊन उडतो आणि जेवढी उष्णता मिळते तेवढी घेऊन जातो. नवखे इथे घाबरून कोळसा वाढवतात. काका मात्र "लेटंट हीट!" असं इतक्या आनंदाने ओरडले की शेजारच्या अंगणातला कुत्रा भुंकला. उपाय सोपा: दोन-तीन चमचे सफरचंदाचा रस आणि थोडं लोणी घालून स्लॅब फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचा. तीन तास धूर, दोन तास फॉइल, एक तास उघडं, हे ३-२-१ चं प्रसिद्ध गणित न छाटलेल्या जाड स्पेअर रिब्सचं. सेंट लुई कटला फॉइलमध्ये तास-दीड तास पुष्कळ. जास्त ठेवाल तर मांस हाडावरून गळून पडतं, आणि लोक त्यालाच उत्तम म्हणतात, हे वेगळं दुःख. हाताने ओढल्यावर सुटावं, आपण होऊन पडू नये. चिमट्याने स्लॅब एका टोकाला उचलला की वाकून वरची साल तडकली पाहिजे. आत १९५ ते २०३ फॅरनहाइट. डुकराचं मांस १४५ लाच खायला सुरक्षित होतं, पण तेव्हा रिब्स चावताना जबडा दुखतो. कोलॅजेनचं जिलेटिन व्हायला वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात.

सॉस शेवटच्या पंधरा मिनिटांत. त्यात साखर असते, आधी लावला तर करपून कडू होतो. हे मी सांगायला लागलो, तर काका म्हणाले, "साखर मला शिकवू नकोस."

तोवर पाहुण्यांनी चिवड्याचा डबा संपवला होता. पोरांना हॉट डॉग देऊन झाले होते. दर अर्ध्या तासाने "अजून नाही?" असं कुणी ना कुणी विचारत होतं, आणि त्यांना काका माझ्या वतीने उत्तर देत होते: "कंट्रोल नाही ना ड्राफ्टवर." म्हणूनच ती गुलाबी कड दिसल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मायक्रोवेव्हमधून निघालेलं मांस आक्रसलं होतं, चरबी ताटात आली होती आणि सॉसचं रबर झालं होतं. "आता झालं बघ," काका म्हणाले.

निखारे उरले होते. ते विझवायचे तर दोन्ही व्हेंट बंद करावीत, उरलेल्या ब्रिकेट पुन्हा वापरता येतात. काकांनी ती संधी दिली नाही. फ्रिजमधून दोन वांगी आणली, सुरीने टोचली, जाळी लांब करायला लावली ("तुमच्या त्या जाळीला शिवायचं नाही") आणि पांढऱ्या निखाऱ्यांत थेट ठेवली. झाकणाशिवाय. साल काळी होऊन वांगी खचली, मग कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून कच्चं तेल.

भरीत चांगलं झालं होतं, खोटं का बोला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सात फोटो आले, सातही भरताचे. रिब्स केवढ्याला पडल्या हे एकाने विचारलं नाही. वांगी कुठल्या दुकानातली, हे मात्र तिघांनी मलाच विचारलं.