छटा भिंतीला द्याव्यात

चौथीच्या स्कॉलरशिपचं पुस्तक आठवतंय ना? पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल. पाठ केलं, मार्क पडले, विषय मिटला. पुढे आयुष्यात कुणी ना कुणी शहाणा भेटतो आणि सांगतो की शब्दांना छटा असतात, अर्थ सारखा असला तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. अशांच्या नादी लागू नका. छटा भिंतीला देतात. त्यातून तुम्ही बदली होऊन सांगलीत आला असाल, तर हा सल्ला जरा जास्तच मनावर घ्या, कारण इथं माणसं बोलकी आहेत आणि तुम्हालाही बोलावंच लागणार.

सुरुवात मयतीपासून करू. गावभागात तुमच्या ओळखीच्या अण्णांचे वडील गेले. तुम्ही भेटायला निघालात. गेले, वारले, निवर्तले, खपले, आटोपले, मेले, कैलासवासी झाले, देवाज्ञा झाली: यादी हाताशी आहे, हवा तो शब्द उचला. दारात चपला काढता काढता मोकळ्या आवाजात विचारा, "काय ओ अण्णा, म्हातारा कधी खपला?" अण्णांचा हळदीचा धंदा. त्यामुळे क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढं मार्केट यार्डातली पोती येतील आणि तेवढाच दुःखाचा विसर पडेल. कोपऱ्यातली आत्या पदर तोंडाला लावेल. आतून कुणीतरी "कोण आलंय?" असं विचारेल आणि त्याला कुणी उत्तर देणार नाही. तुम्ही बसा.

छटावाले म्हणतात, 'मेलं' हे जनावरासाठी नाहीतर वैऱ्यासाठी. मग "मेल्या, किती दिवसांनी तोंड दाखवतोयस!" म्हणत हातावर लाडू ठेवणाऱ्या आजीचं काय करायचं, ते त्यांनाच विचारा.

निघतानाही गोंधळ आहेच. एरवी कुणाच्याही घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, नाहीतर घरातली बाई उंबऱ्यापर्यंत येऊन तुमचा शब्द दुरुस्त करते. आणि मयतीच्या घरी बरोब्बर उलट: तिथं 'येतो' म्हणायचं नाही, गपगुमान उठायचं. तुम्ही असल्या फंदात पडू नका. खणखणीत आवाजात "येतो बरं का पुन्हा!" म्हणा. अण्णांच्या घरात अजून एक म्हातारी आहे, तिच्याकडं बघून म्हटलं तर उत्तमच.

'वाढवणे' या शब्दाबद्दलही तुम्हाला घाबरवतील. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. रात्री नऊला मारुती रोडवर शटर ओढणारा दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. मोडलेलं सगळं वाढलेलं म्हणायचं असेल, तर महागाई वाढली म्हणजे नेमकं काय मोडलं, हे कुणी सांगत नाही.

आता सोयरिकीचं. तासगावकडच्या एका पोराची चार एकर द्राक्षबाग आहे समजा. बायोडाटात 'शेतकरी' लिहिलं, तर मुलीकडचे पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. 'बागायतदार' लिहिलं की फोटो मागवतात. 'प्रगतशील द्राक्ष बागायतदार' लिहिलं की मुलीचा मामा स्वतः फोन करतो आणि बाग रोड-टच आहे का विचारतो. रान तेच, वेली त्याच, औषधाच्या दुकानातली उधारीसुद्धा तीच. (बागेवर मारतात ते औषध, एखाद्या वाईट वर्षी पंचनाम्यात त्यालाच विषारी द्रव लिहितात. बाटली तीच असते.) तरी तुम्ही बायोडाटात बिनधास्त 'कुळवाडी' लिहा. अर्थ एकच आहे.

पोहे आल्यावर मात्र गप्प बसू नका. दोन्हीकडच्यांचं कौतुक करा. मुलीला हुशार म्हणायचं असेल तर 'बेरकी' म्हणा. मुलाचे वडील काटकसरीनं वर आलेले असतील तर "दादा भलतेच चिक्कू, म्हणून तर एवढं उभं केलं" असं सांगा. मुलीच्या आजोबांना 'थकलात' म्हणायची पद्धत आहे, पण ते काही पळून आलेले नाहीत. तुम्ही 'थेरडे झालात' म्हणा, वृद्धाचाच समानार्थी शब्द आहे. मुलगी अंगानं भरलेली असेल तर 'लठ्ठ' म्हणून मोकळे व्हा. ठरलं तर ठरलं. नाही ठरलं तर पोह्यांचं पुण्य पदरी आहेच.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवलं, तिथपासूनचा हा मान. इथं प्रयोग बघायला गेलात तर नंतर विंगेत जाऊन नटाचा हात हातात घ्या आणि सांगा, "तुमचं काम फारच नाटकी झालं." नाट्य काय, नाटक काय! त्याचा चेहरा पडला तर तोही अभिनयच समजा.

घरगुती बाबतीत माणसं उगाच कांगावा करतात. शब्दांकडं निर्मळ मनानं कसं बघावं, हे सरकारी कागदांकडून शिकावं. तिथं कुठलाही शब्द कुठंही चालतो, आणि योगायोग असा की दरवेळी स्वस्तातलाच शब्द हाताला लागतो.

पाणीच घ्या, स्कॉलरशिपच्या पुस्तकातलं. खात्याचं नाव असतं तेव्हा ते जलसंपदा असतं. पुढारी ओटी भरायला येतात तेव्हा जलपूजन होतं. बिल यायची वेळ आली की पाणीपट्टी. जलपट्टी भरलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की त्याला इशारा पातळी म्हणतात, ४५ ला धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला विचाराल तर इशारा व्हायच्या आधीच त्याच्या घरातली कॉट विटांवर चढलेली असते. पण त्याच्याकडं शब्द नाही, फक्त पाणी आहे. वर कोयनेचे दरवाजे उचलले की गावातली माणसं म्हणतात, "पाणी सोडलंय." हे फार वाईट वाक्य. सोडलंय म्हटलं की कुणी सोडलं, कधी सोडलं, आधी का नाही सोडलं, असले प्रश्न मागोमाग येतात. म्हणून बातमीत 'विसर्ग' होतो. शाळेत विसर्ग म्हणजे अक्षरापुढचे दोन ठिपके. कोयनेचा विसर्ग हजारो क्युसेकचा असतो, आणि तो कुणी करत नाही, तो 'वाढविण्यात येतो'. पुढं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातूनही तो तसाच, आपोआप, कमी पडतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लोक दुसऱ्या मजल्यावरून होडीत उतरले. कुणी पाहुण्यांकडं, कुणी शाळेत, कुणी मंगल कार्यालयात गेलं. त्याला 'सुरक्षित स्थळी स्थलांतर' म्हणायचं. घर सोडून पळालो, असं म्हणू नये. घराला वाईट वाटतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना पैशांचा विषय निघाला. इथंही भरपाई, मदत, सानुग्रह अनुदान असे तीन शब्द होते आणि अर्थ अर्थातच एक: काहीतरी मिळणार. फरक एवढाच की भरपाई मागता येते, मदतीला आभार मानावे लागतात आणि सानुग्रहाला वाकून दोन्ही हात पुढं करावे लागतात. सानुग्रहचा तेव्हा शहरात आकडा १५ हजार, गावात १० हजार. ज्याचा फ्रीज, गादी, तिजोरीतली कागदपत्रं आणि दुकानातला सगळा माल भिजला, त्यानं मनाशी हिशेब केला. शब्द बरोबर निवडला होता. भरपाई म्हटलं असतं, तर ती भरून निघाली का, असं कुणीतरी विचारलं असतं.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जत-आटपाडीकडं, टँकरची वाट बघणारी माणसं राहतात. तिथंही शब्दांची टंचाई नाही. दुष्काळ म्हटलं की सवलती, वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्काची माफी, असा सगळा लवाजमा मागं येतो. म्हणून आधी 'टंचाई' म्हणतात. टंचाई ही मिठाचीही असू शकते. २०२३ साली राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि मग बोंब उठल्यावर हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती'. म्हणजे विहीर कोरडी, कडबा संपलेला, म्हैस बाजारात, पण हे सगळं दुष्काळासारखं दिसतं फक्त. "घशाला कोरड पडलीय ओ साहेब," असं तिथला म्हातारा म्हणाला तर त्याला नीट समजावून सांगा, "आजोबा, कोरडसदृश."

तेव्हा तुम्हीही कागदोपत्री हाच धडा गिरवा. यंदाची पाणीपट्टी आली की घाबरू नका. एका कोऱ्या कागदावर विषय लिहा: 'पाणीपट्टीसदृश रक्कम सानुग्रह अदा करणेबाबत'. खाली, आपल्या घरातून पैशांचा विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढविण्यात येईल, असं नमूद करा. काउंटरवरचे भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणतील, "काय चेष्टा लावलीय का ओ?" त्यांना शांतपणे सांगा की अर्थ एकच आहे. वरून शंभराची एक नोट सरकवावीशी वाटली तर सरकवा, मात्र तिला लाच म्हणू नका, चहापाणी म्हणा. हा एक शब्द तेवढा बदललेला चालत नाही.